बिनफेट्याचं वऱ्हाड

"पॅन नाही ना? मग वीस टक्के." अण्णा ठोंबरेनं माझ्या पुढ्यातल्या शंभराच्या दोन नोटा उचलून परत ड्रॉवरमध्ये टाकल्या. "सरकारचा नियम आहे पोरी. माझ्या मनाचं काही नाही."

"नऊशे पंच्याहत्तरचे एकशे पंच्याण्णव होतात," मी म्हणाले.

"पाच सुटे नाहीत. पुढच्या वेळी बघू."

ते पाच रुपये त्यानं पुढच्या वेळीही दिले नाहीत. मी मात्र वहीत लिहून ठेवले. मला लहानपणापासून ही खोड आहे. माझं कुणी काही घेतलं की ते परत मिळेपर्यंत अन्न गोड लागत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पोटात एक डबा आहे, त्यात ती सगळं साठवून ठेवते.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, बारावीला. आमच्या मिरजेकडे लग्नात फेटा नाही म्हणजे काही शोभाच नाही. नवरदेवापासून वाढप्यापर्यंत सगळ्यांची डोकी बांधलेली लागतात. ते बांधायला आम्ही अकरा पोरं-पोरी होतो, सगळे कॉलेजातले, पोरांपैकी कुणालाच अजून मिसरूड धड फुटलेलं नाही. एका फेट्याचे पंधरा रुपये. नऊवार लांबीचं कापड चुण्या घालून डोक्याभोवती फिरवायचं, वर तुरा काढायचा, शेमल्याचं टोक पाठीवर सोडायचं, टाचणी लावायची. दोन मिनिटांत एक. पन्नास फेटे झाले की बोटांची कातडी कापडाच्या काठानं सोलून निघायची.

हे काम आम्हाला तौफिक मुजावरनं शिकवलं. तो माझ्याच वर्गात होता. त्याला त्याच्या अब्बांनी, दस्तगीर चाचांनी शिकवलेलं. चाचा मिरजेतले नावाजलेले फेटेवाले. खुद्द अण्णा ठोंबरे तरुणपणी त्यांच्याच हाताखाली फेटा शिकला, मग मंडप घेतला, मग लॉन घेतलं आणि मग शेठ झाला. चाचा वारले तेव्हा तौफिक दहावीत होता. चाचांचा एक नियम होता. समोर कुणीही असो, आमदार असो नाहीतर घोडेवाला, डोक्याला हात लावायच्या आधी विचारायचं, "हात लावू का?" तो हो म्हणेपर्यंत कापड उचलायचं नाही. तौफिकनं आम्हाला फेट्याआधी हे शिकवलं होतं.

तर ते वीस टक्के माझ्या डब्यात पडून राहिले. पॅन नाही म्हणून कापतोस काय, थांब, आणतेच. माझे बाबा एसटीत वाहक. त्यांच्या सहीनं अर्ज केला, कारण अठरा पूर्ण नव्हती. महिन्याभरात कार्ड घरी आलं. त्याच्यावर माझा फोटोसुद्धा नव्हता, लहान पोरांच्या कार्डावर नसतो म्हणे. मी ते अण्णाच्या टेबलावर आपटलं.

त्यानं उलटसुलट करून बघितलं आणि हसला. "शाबास. आता दहाच टक्के."

"कार्ड आणलं तरी दहा?"

"कर तर भरायलाच पाहिजे ना. देश कसा चालायचा? एक काम कर, बाकीच्यांची पण काढून दे. झेरॉक्स आण, खाली सह्या घे. त्यांचे पण दहा-दहा टक्के वाचतील."

आणि मी मूर्खासारखी कामाला लागले. दहा घरं फिरले, आई-बापांना समजावलं, फॉर्म भरून दिले. तौफिकची अम्मी म्हणत होती, "कागद कशाला द्यायचे बेटा कुणाला?" मी तिला म्हणाले, "अम्मी, सरकारी काम आहे, घाबरू नका." अकरा झेरॉक्स, अकरा सह्या, एका पिशवीत घालून मीच अण्णाच्या हातात नेऊन दिल्या. त्यानं मला त्या दिवशी उसाचा रस पाजला.

जुलैत कुणीतरी सांगितलं की आपल्यासारख्यांचा कापलेला कर सरकार परत देतं, फक्त विवरणपत्र भरावं लागतं. मी वही उचलली, बाबांना आणि तौफिकला घेतलं आणि ब्राह्मणपुरीत लिमये काकांकडे गेले. काका चाळीस वर्षं लोकांचे कर भरत आले होते. त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या नावाचा उतारा काढला. कुणी आपल्याला किती पैसे दिले आणि त्यातून किती कर कापून सरकारात भरला, ते त्यात दिसतं. चष्मा वर केला, खाली केला.

"वृषाली, गेल्या वर्षात तू दोन लाख चाळीस हजार रुपये मिळवलेस?"

मला हसू आलं. "काका, एकोणीस हजार पाचशे. तेराशे फेटे. तारखेनिशी लिहिलंय."

"इथं दोन लाख चाळीस हजार आहेत. ठोंबरेकडून. आणि त्यावर एक टक्का कर भरलाय, चोवीसशे." त्यांनी तौफिकचा उतारा काढला. त्यालाही दोन लाख चाळीस हजार. मग मी पिशवीत घालून दिलेल्या सगळ्यांचे नंबर वहीतून वाचत गेले आणि काका बघत गेले. अकराच्या अकरा, सगळ्यांना तेवढेच.

बाबांनी विचारलं, "म्हणजे काय झालं हो?"

काकांनी सावकाश सांगितलं. ठोंबरेनं पोरांच्या नावावर सव्वीस लाखांचा खोटा खर्च दाखवला होता. खर्च जास्त म्हणजे नफा कमी, नफा कमी म्हणजे कर कमी. त्याचे आठेक लाख तरी वाचले होते. प्रत्येकाची रक्कम अडीच लाखांच्या आत ठेवली, कारण तेवढ्यापर्यंत कर बसत नाही, आमच्याकडे कुणी विचारायला येणार नाही आणि आम्हाला कधी कळणारही नाही.

"आणि आमचे कापलेले वीस आणि दहा टक्के?"

"तुमच्या खऱ्या कमाईवर एक पैसाही कापायचं कारण नव्हतं. एवढ्या छोट्या रकमेला ते लागूच होत नाही. ते त्यानं खिशात घातले."

"आणि ही कमाई माझ्या नावावर धरतात का?" बाबा म्हणाले. त्यांना नोकरीची काळजी.

"पोरानं स्वतःच्या हातच्या कलेनं मिळवलं तर ते त्याचंच. तुमच्यात मिळवत नाहीत. ती काळजी नको."

तौफिक म्हणाला, "काका, अम्मीला निराधारचं पेन्शन आहे. महिन्याला सहाशे. घरातलं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत लागतं त्याला."

लिमये काकांनी स्क्रीनकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "हा कागद कुणी तहसीलला नेऊन दाखवला तर बंद होईल," ते म्हणाले. "मग खोटं आहे हे सिद्ध करत तुम्ही फिरा."

त्या सहाशे रुपयांत अम्मीची साखरेची औषधं यायची. आणि तौफिकच्या पॅनची झेरॉक्स मी नेऊन दिली होती, स्वतःच्या हातानं, अम्मीला घाबरू नका म्हणून सांगून.

दुसऱ्या दिवशी बाबा रजा टाकून अण्णाकडे गेले. मी आणि तौफिक बाहेर गोदामाच्या पायरीवर बसलो, कारण बाबा म्हणाले, "मोठ्यांचं बोलणं आहे, तुम्ही बाहेर थांबा." अण्णाच्या केबिनला काच होती. आवाज येत नव्हता पण दिसत सगळं होतं. अण्णा गोल फिरणाऱ्या खुर्चीत रेलून बसलेला. पुढं तीन रिकाम्या खुर्च्या. आणि माझे बाबा उभे. खाकी पँट, हातात पिशवी, उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाऊण तास झाला. चहाच्या गाडीवरचा माणूस दोन कप घेऊन आत गेला आणि थोड्या वेळानं एक भरलेला कप तसाच बाहेर घेऊन आला, दाराशी उभं राहून स्वतःच पिऊन टाकला. आत अण्णा हसत होता, हातानं कागद उडवल्यासारखं करत होता. बाबा उभेच.

एसटीत माणूस आयुष्यभर उभा राहतो. रजेच्या दिवशी तरी त्याला बसू द्यावं की नाही? समोर तीन खुर्च्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठायला लागले तर तौफिकनं ओढणी धरून खाली बसवलं.

बाबा बाहेर आले. "चला," एवढंच म्हणाले. घरी जाताना रिक्षात सांगितलं. अण्णा म्हणत होता, पोरांच्या सह्या आहेत माझ्याकडे, त्यांचं काय वाकडं झालं, कर तर शून्यच आहे. आणि फार बोंबललात तर मुजावर बाईचं पेन्शन मीच बंद करतो, कागद तहसीलला द्यायला मला किती वेळ लागतो.

"अब्बांच्या हाताखाली शिकलाय तो," तौफिक म्हणाला. त्याचा विश्वासच बसत नव्हता.

बाबा म्हणाले, "आता गप्प बसा सगळे. मी बघतो." पण बाबांनी काही बघितलं नाही, आणि त्यांच्याकडून होणार नव्हतं हे मला माहीत होतं. त्या पाऊण तासाबद्दल ते परत एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ज्याचा अपमान झालाय त्याला काय विचारायचं.

मी पोरांना जमवलं. अकरा जण, कृष्णाघाटावर. म्हणाले, "कुणी काही बोलायचं नाही. काम सोडायचं नाही. तो कापेल तेवढं कापू द्यायचं. डिसेंबरपर्यंत."

"डिसेंबरात काय आहे?"

"त्याच्या पोरीचं, शलाकाचं लग्न."

पाच महिने मी अण्णाला 'अण्णा, अण्णा' करत राहिले. त्याच्या पुढ्यात मान खाली घालून पैसे घेतले. तो दहा टक्के कापायचा आणि मी वहीत लिहायचे. आयुष्यात एवढी शांत मी कधी नव्हते. रात्री झोपही चांगली लागायची.

शलाकाचं लग्न डिसेंबरातल्या मोठ्या तिथीला होतं. त्या दिवशी तीन तालुक्यांत एक फेटेवाला मोकळा नव्हता, हे मी महिनाभर आधी फोन करून खात्री करून घेतलं होतं. मुलगा गडहिंग्लजचा, तालेवार घर. अण्णानं बोलणीतच कबूल केलेलं, साडेतीनशे फेटे, दोन्हीकडच्यांना, मुलीकडच्या खर्चानं. दहा वाजता नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघणार, सगळे फेट्यात. बारा पस्तीसला अक्षता.

आम्ही साडेसातला लॉनवर हजर. मंडपाच्या कडेला गादी घातलेली. भगवे, गुलाबी, जांभळे गठ्ठे रचलेले. टाचण्यांच्या डब्या उघडलेल्या. आम्ही अकरा जण गादीवर ओळीनं बसलो आणि हात मांडीवर ठेवले.

पहिला पाहुणा आला, तौफिकपुढं डोकं केलं. तौफिक म्हणाला, "जरा थांबा दाजी." दुसरा आला. तिसरा. अर्ध्या तासात गादीपुढं पन्नास माणसं उघड्या डोक्यानं उभी होती, आणि आम्ही त्यांच्याकडे बघत बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "कापड आलं नाही का?" कापड समोर रचलेलं होतं.

अण्णा धावत आला. अंगात सिल्कचा झब्बा, कपाळाला गंध. "अरे, काय झालं? चालू करा की."

मी उठले. "अण्णा, तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचंय. तिकडं आचाऱ्याकडे चला."

चुलाणांच्या मागं कढयांचा ढीग होता आणि एक प्लास्टिकची खुर्ची. अण्णा तिच्यात बसला. मी उभी राहिले.

"किती पाहिजेत?" तो म्हणाला. हुशार माणूस, लगेच ओळखलं. "पंधराचे पन्नास देतो. आजच्या दिवस."

"पैसे नकोत."

"मग काय माझं डोकं पाहिजे?"

मी ओढणीच्या आतून दोन कोरे कागद काढले, त्याच्याच फर्मचं नाव छापलेले. गोदामातून कधीच काढून ठेवले होते. पेन पुढं केलं. "लिहा. तुमच्या सीएला पत्र. खाली दिलेल्या अकरा जणांच्या नावावर प्रत्येकी दोन लाख चाळीस हजार दाखवलेत, ते आम्ही त्यांना दिलेले नाहीत. विवरण दुरुस्त करावं. दोन प्रती. एक सीएला, एक आमच्याकडे."

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "बापानं शिकवून पाठवलंय काय?"

"बाबांना माहीतच नाही."

"तुझ्या बापाला मी—"

"त्यांचं नाव घेऊ नका," मी म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. "आठ वाजून गेलेत अण्णा. साडेतीनशे फेटे आहेत. अकरा जणांना सव्वा तास लागतो."

तो उठून तडक गादीकडे गेला. मला वाटलं मारतोय आता कुणाला. पण त्यानं झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या, एक जांभळं कापड उचललं आणि समोरच्या म्हाताऱ्याला स्वतः फेटा बांधायला लागला. खरं सांगते, काय हात होता त्याचा. वीस वर्षं कापडाला हात लावला नसेल, पण चुण्या अशा पडत होत्या की तौफिक बघत राहिला. एक झाला, दोन झाले, सहा झाले. घाम गंधावरून नाकावर उतरला. सातव्याला तुरा तीनदा सुटला. तेवढ्यात गडहिंग्लजचे मामा आले, मुलाचे थोरले मामा, पांढऱ्या मिशा.

"ठोंबरे, तुम्ही स्वतः कशाला? ही पोरं काय पूजेला बसवलीत?"

अण्णा हसायचा प्रयत्न करत होता. मामांनी मागं वळून उघड्या डोक्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या पाहुण्यांना असं ताटकळत ठेवायचं असेल तर तसं सांगा. आम्ही गाड्या वळवतो."

वरच्या मजल्यावरून शलाका खिडकीतून खाली बघत होती. मुंडावळ्या बांधून तयार. ती माझ्याच शाळेतली, दोन वर्षं पुढं. मला तिची कणव यायला हवी होती. आली नाही, त्या दिवशी तरी नाही.

अण्णा परत कढयांमागं आला. खुर्चीत बसला आणि मांडीवर कागद घेऊन लिहिलं. दोन्ही प्रती स्वतःच्या अक्षरात, सही करून, अकरा नावांसकट. नावं मी सांगत गेले. मी 'तौफिक दस्तगीर मुजावर' म्हणाले तेव्हा त्याचं पेन दस्तगीरवर जरासं थांबलं.

मी गादीकडे हात केला आणि दहा जणांनी कापडं उचलली. "हात लावू का?" "हात लावू का?" मंडपभर तोच एक आवाज. तौफिकचे हात मी त्या दिवशी बघितले तसे परत कधी बघितले नाहीत.

अण्णा तसाच बसून होता. "माझा फेटा?" तो म्हणाला. मुलीचा बाप बिनफेट्याचा कसा उभा राहणार.

मी भगवं कापड घेऊन त्याच्या मागं उभी राहिले. "हात लावू का?"

"आधी शब्द दे," तो म्हणाला. मान खाली. "तुमच्याकडची प्रत बाहेर जाणार नाही. सीएकडून दुरुस्ती करून घेतो, पुढचं माझं मी बघतो. पण ते पत्र इन्कमटॅक्सला गेलं तर मी संपलो. दस्तगीर चाचांची शपथ घे."

"शब्द," मी म्हणाले. "हात लावू का?"

"लाव."

आणि मी फेटा बांधला. इतका चांगला फेटा मी आयुष्यात कुणाला बांधला नाही. एक चुणी इकडची तिकडं नाही. गडहिंग्लजच्या मामांनी लांबून वाहवा केली. दहाला पाच कमी असताना नवरदेव घोड्यावर बसला आणि वऱ्हाड मारुतीला निघालं.

जानेवारीत लिमये काकांनी उतारे परत काढून दाखवले. अकराच्या अकरा नावांवरचे दोन लाख चाळीस हजार गायब. तौफिकची अम्मी आता सुरक्षित होती. तिनं आम्हाला शेवयांची खीर केली. तौफिक म्हणाला, "संपलं बघ वृषाली सगळं."

माझं संपलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं ती काच होती, तीन रिकाम्या खुर्च्या आणि खाकी पँट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेले. अण्णाच्या हातचं पत्र आणि माझ्या वहीची झेरॉक्स एका पाकिटात घातली, पत्ता आयकर कार्यालयाचा लिहिला आणि रजिस्टर केलं. पोस्टातल्या बाईंनी पावती दिली. मी ती वहीच्या शेवटच्या पानावर, त्या पाच रुपयांच्या खाली चिकटवली.

मार्चमध्ये अण्णाकडे आयकरवाल्यांची गाडी आली. माणसं दोन दिवस कपाटं उघडून बसली होती. कर, व्याज, दंड मिळून अण्णाला चौदा लाख भरावे लागले. नव्या लॉनचे खांब तसेच उभे राहिले, त्यावर गवत चढलं. मी सायकलवरून मुद्दाम तिकडून जायचे.

तौफिकला कळलं तेव्हा तो घरी आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"पेन्शन तर वाचलं होतं ना? मग हे कशासाठी?"

"बाबा पाऊण तास उभे होते. तू होतास तिथं."

"तू त्याच्या डोक्याला हात लावून शब्द दिलास. अब्बांच्या नावानं. अण्णानं सांगितलं मला."

"त्यानं काय केलं ते विसरलास काय?"

"तो चोर आहे, मला माहीत आहे," तौफिक म्हणाला. "पण आम्ही असं करत नाही." तो गेला. पुढच्या सराईत त्यानं मला बोलावलं नाही. आता इस्लामपूरला असतो, मोठं काम आहे म्हणतात. दहा वर्षांत आमचं बोलणं नाही.

मी फेटे सोडले आणि लिमये काकांच्या हाताखाली बसले. काका थकले तसं ऑफिस मीच चालवायला लागले, आणि गेल्या वर्षी स्वतःचं घेतलं. गिरजा टॉकीजच्या बोळात, वरच्या मजल्यावर. येणारी बरीचशी पोरंच असतात. कुणी लग्नात वाढपी, कुणी मेंदी काढणारी, कुणी पार्सल पोचवणारा. मी सगळ्यांना आधी एकच सांगते, पॅनची झेरॉक्स दिली की त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा.

उद्घाटनाच्या दिवशी बाबा आले होते. आता निवृत्त आहेत, गुडघे गेलेत. त्यांनी सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्याशा खोलीत अकरा खुर्च्या कशाला गं?"

मग मी बोलले. दहा वर्षं जे बोलले नव्हते ते. "माझ्याकडे कुणी उभं राहायला नको म्हणून. त्या दिवशी अण्णानं तुम्हाला पाऊण तास उभं ठेवलं होतं ना."

"कुणी उभं ठेवलं?"

"अण्णानं. केबिनमध्ये. मी काचेतून बघत होते."

बाबा हसले. "अगं, त्यानं तीनदा बसा म्हटलं. चहा मागवला माझ्यासाठी. मीच बसलो नाही. बसलो की चहा घ्यावा लागतो, आणि माणसाचा चहा घेतल्यावर त्याच्याशी भांडता येतं होय? मी भांडायला गेलो होतो. चहा परत पाठवला आणि उभ्या उभ्या त्याला पाऊण तास सुनावलं. ऐकलं नाही त्यानं, ते सोड. पण उभं मला कुणी ठेवलं नव्हतं."

मला गाडीवरच्या माणसाच्या हातातला तो भरलेला कप आठवला.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू कुठं विचारलंस? तू नुसती दातओठ खात होतीस." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि ते हसायचे थांबले. "म्हणजे ते पत्र तू माझ्यासाठी टाकलंस?"

"हो."

बाबा थोडा वेळ टेबलावरून हात फिरवत राहिले. "फेटा बांधताना विचारायचात ना तुम्ही पोरं, हात लावू का म्हणून," ते म्हणाले. "मला पण विचारायचंस एकदा."

खालच्या गाडीवरून चहा आला, दोन कप. बाबांनी खुर्ची ओढली, बसले आणि फुंकर मारून घेतला. मी माझा घेतला नाही. मला अजून भांडायचं होतं, फक्त कुणाशी ते कळत नव्हतं.